ट्रकच्या मागच्या चार पायऱ्या

तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी करत बारामतीत येते. तिथून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या वाटेनं इंदापूर गाठते आणि पुढे सराटीला नीरेचं स्नान घेऊन सोलापूर जिल्ह्यात जाते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला, असं परंपरा सांगते. बारामती-इंदापूरच्या टप्प्यात लोकांचे डोळे लागलेले असतात ते काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाकडे, बेलवाडीच्या आणि इंदापूरच्या गोल रिंगणात धावणाऱ्या अश्वांकडे. पण पालखीबरोबर आणखी एक वारी चालत असते आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ती दिंड्यांच्या ट्रकांची.

दिंडी चालत असते तेव्हा तिचा ट्रक पुढे जाऊन मुक्कामाचा तळ धरतो. हौद्यात राहुट्यांचे बांबू, कनाती, मोठी पातेली, तांदळाची पोती, गॅसच्या टाक्या आणि वारकऱ्यांच्या नावं लिहिलेल्या पिशव्या. वर ताडपत्री. काही दिंड्या मध्ये फळ्या टाकून माळा करतात, म्हणजे खाली सामान आणि वर माणसं. ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत, ज्यांना वाटेत ताप आला, ज्यांच्या टाचा फुटल्यात, त्यांचं घर पंढरपूरपर्यंत हा हौदाच. अमेरिकेत पिकअप गाडीच्या पाठीवर छोटं घर बसवून महिनोन्‌महिने हिंडणारे हौशी प्रवासी आहेत. त्यांच्या गाडीच्या दाराशी घडीची पायरी असते आणि ती किती भरवशाची यावर ते तासन्‌तास बोलू शकतात. आपल्याकडे तसलं फिरतं घर पिढ्यान्‌पिढ्या वारीत आहे. त्याच्या पायरीबद्दल मात्र आपण बोलत नाही.

आणि बोलण्यासारखं तिथं फार आहे. ट्रकच्या हौद्याची जमीन रस्त्यापासून साधारण चार फूट वर असते. तरुण माणूस चाकावर पाय देऊन, फाळक्याला धरून उडी मारतो. सत्तरीच्या आजींना ते जमत नाही. मग कुठे आकड्यांनी अडकवलेली लोखंडी शिडी असते, कुठे स्टूल, कुठे दोन विटांवर पाट, आणि ज्यांनी जरा पैसे घातलेत त्यांच्या ट्रकला वर्कशॉपमधून करून घेतलेली घडीची पायरी. “माउली, हात द्या,” असं म्हणून कुणीतरी वरून हात देतो, कुणीतरी खालून आधार देतो आणि आजी वर पोचतात. या चार फुटांच्या प्रवासात काय काय घडतं हे नीट पाहिलं, तर एवढ्याशा लोखंडात केवढं शास्त्र दाटलंय ते पाहून थक्क व्हायला होतं.

आधी उंचीचं गणित. चार फूट म्हणजे सुमारे १२० सेंटीमीटर. आपली राष्ट्रीय इमारत संहिता सार्वजनिक इमारतीतल्या पायरीची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये आणि पाऊल ठेवायची रुंदी ३०० मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असं सांगते. त्या हिशेबानं १२० सेंटीमीटर चढायला आठ टप्पे लागतील आणि पायऱ्या ट्रकच्या मागे सहा-सात फूट पसरतील. एवढी जागा ना तळावर असते, ना घडी करून ठेवायला ट्रकखाली. म्हणून घडीची पायरी चार टप्प्यांत काम उरकते. तीस तीस सेंटीमीटरचे चार टप्पे, आणि पाऊल ठेवायला जेमतेम वीस सेंटीमीटर.

फ्रान्स्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकारानं १६७५ च्या सुमारास पायरीचं एक सूत्र मांडलं. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका सहज पावलाएवढी, म्हणजे साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर यावी. नारायण महाराजांनी पालखी काढली त्याच्या दहा वर्षं आधीचं हे सूत्र, आणि जगभरचे जिने आजही त्याच्याच आसपास बांधले जातात. इमारतीच्या जिन्याला ते लावून पाहा: पंधराची दुप्पट तीस, अधिक तीस, साठ. अचूक बसलं. आता ट्रकच्या पायरीला लावा: तीसची दुप्पट साठ, अधिक वीस, ऐंशी. माणसाच्या पावलात न मावणारा आकडा.

म्हणजे ट्रकची पायरी हा जिना नव्हे आणि शिडीही नव्हे. खरी अडचण तिथंच आहे. जिना उतरताना आपण तोंड पुढे करून उतरतो. शिडी उतरताना तोंड शिडीकडे करून, हातांनी धरून उतरतो. शरीराला या दोन्ही रीती पाठ असतात, विचार करावा लागत नाही. घडीची पायरी दिसते जिन्यासारखी आणि तिचा चढ असतो शिडीच्या जवळचा. म्हणून माणूस तिच्यावरून जिन्यासारखा, तोंड बाहेर करून उतरायला जातो. वीस सेंटीमीटरच्या पट्टीवर टाच मागच्या लोखंडाला अडते, पाऊल तिरकं पडतं आणि अर्धा पंजा हवेत राहतो. चढताना पडणाऱ्यांपेक्षा उतरताना पडणारे जास्त असतात, हे जिन्यांवरच्या अपघातांच्या अभ्यासात सगळीकडे दिसतं. उतरताना तोल पुढे, मोकळ्या जागेकडे झुकलेला असतो. गुडघ्याच्या वाटीवर त्या वेळी शरीराच्या वजनाच्या तिपटीच्या आसपास दाब येतो. आधीच दुखऱ्या गुडघ्याला तो सोसत नाही आणि पाय अवचित सुटतो. म्हणून ट्रकवरून उतरताना तोंड ट्रककडे, पाठ रस्त्याकडे. कारखान्यांत आणि वाहतूक कंपन्यांत ड्रायव्हरना हेच शिकवतात, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट: दोन हात आणि दोन पाय या चारांपैकी तीन कायम टेकलेले हवेत. एका वेळी एकच सुटायचा.

आता घडीकडे वळू. घडीच्या पायरीकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो. प्रवासात तिनं मऊ व्हावं, दुमडून गप्प बसावं. तळावर तिनं दगडासारखं घट्ट व्हावं. एकच लोखंड, एकच पिन, आणि या दोन अवस्था. हे साधण्याची एक देखणी युक्ती आहे आणि ती बारामतीच्या जुन्या किराणा दुकानात कुणीही पाहू शकतो. दुकानदाराचा जुना काउंटरचा तराजू, ज्याची दोन पारडी वरच्या बाजूला असतात, तो आठवा. पारडं वर जावो की खाली, ते कलत नाही, सपाटच राहतं. वजन पारड्याच्या मधोमध ठेवा की कडेला, काटा तेच सांगतो. रोबेर्व्हाल या फ्रेंच गणितज्ञानं १६६९ मध्ये ही रचना पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवली, तेव्हा तिनं त्यांना चक्रावून टाकलं होतं. तराजूच्या पोटात दोन समांतर दांडे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या दोन उभ्या पट्ट्या. चार बिजागऱ्यांचा हा समांतरभुज चौकोन. तो कितीही वाकडा केला तरी समोरासमोरच्या बाजू समांतरच राहतात. त्यातली एक बाजू जखडून टाकली की तिच्यासमोरची बाजू वर-खाली सरकते, पण फिरत नाही.

चांगल्या घडीच्या पायरीत हाच चौकोन असतो. हौद्याला दोन बिजागऱ्या, एक वर, एक खाली. त्यांतून निघालेले दोन समांतर दांडे आणि त्या दांड्यांना पिननं अडकवलेल्या पायऱ्या. दांडे उचलले की सगळ्या पायऱ्या एकमेकींवर मिटत जातात. दांडे खाली सोडले की त्या उलगडतात, आणि दांडे कोणत्याही कोनात थांबले तरी प्रत्येक पायरी आडवी, सपाट. मोठ्या जहाजांच्या कुशीला लटकणाऱ्या जिन्यातही हीच रचना असते. भरती-ओहोटीनं जहाज वर-खाली झालं, जिन्याचा कोन बदलला, तरी खलाशाच्या पायाखालची पट्टी सपाट राहते. मात्र एक अट आहे आणि ती फार मोलाची आहे. पायरी सपाट राहते ती ट्रकच्या मानानं. ट्रक शेताच्या बांधाजवळ एका बाजूला कललेला असेल, तर चारही पायऱ्या निष्ठेनं तेवढ्याच कलतात.

आणि हा चौकोन स्वतःहून थांबत नाही. त्याला कुणीतरी अडवावं लागतं. इथं पायऱ्यांचे दोन पंथ पडतात: लोंबत्या आणि टेकत्या.

लोंबती पायरी जमिनीला शिवत नाही. तिचा सगळा भार बिजागरीजवळच्या एका छोट्या अडकणीवर येतो, ज्याला वर्कशॉपमध्ये स्टॉपर म्हणतात. हिशेब करून पाहू. साठ किलोच्या आजी बिजागरीपासून तीस सेंटीमीटरवर उभ्या आहेत. स्टॉपर बिजागरीपासून तीन सेंटीमीटरवर आहे. तरफेच्या नियमानं स्टॉपरवर येणारा भार वजनाच्या दहापट, म्हणजे सहाशे किलो. बोटाच्या पेराएवढ्या लोखंडाच्या तुकड्यावर सहाशे किलो! त्यात पाऊल अलगद न ठेवता एकदम टाकलं, तर भार दुपटीपर्यंत जाऊ शकतो. एकदम सोडलेलं वजन क्षणभर दुप्पट ताण देतं, हे यंत्रशास्त्राच्या पहिल्या धड्यांपैकी एक आहे. तेव्हा बाराशे किलो. आपल्या हाताखालच्या वस्तू दिवसभर असले भार सोसत असतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, या गोष्टीचं मला दर वेळी नव्यानं नवल वाटतं.

टेकत्या पायरीला खाली दोन पाय असतात. भार सरळ जमिनीत जातो आणि बिजागरीला फक्त पायरी जागच्या जागी धरून ठेवायचं काम उरतं. वृद्धांसाठी ही पायरी केव्हाही चांगली, तिच्यावर उभं राहिलं की झोका येत नाही. पण मग जमीन कशी आहे हा प्रश्न येतो, आणि बारामती-इंदापूरची जमीन साधी नाही.

हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. आषाढीच्या आधी पाऊस लागेलच असं नाही. पण नीरेच्या काठाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात काळी खोल माती आहे. कोरडी असते तेव्हा तिला हात जाईल अशा भेगा पडतात, आणि ओल मिळाली की ती फुगते, लोण्यासारखी होते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, म्हणून. आता पायरीचा पाय बघा. तो बहुतेकदा पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा असतो. दोन पाय मिळून साडेबारा चौरस सेंटीमीटर. साठ किलो भागिले साडेबारा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळपास पाच किलो. आजी स्वतः एका पायावर मातीत उभ्या राहिल्या तर त्यांच्या तळव्याखाली हा आकडा अर्ध्या किलोपेक्षाही कमी असतो. म्हणजे आजी जिथं सहज उभ्या राहू शकतात, तिथं त्यांची पायरी दहापट जोरानं माती भोसकत असते. पाइपचं तोंड खाली उघडं असेल तर आणखीच वाईट, कारण मग टेकते ती फक्त पाइपची पातळ कड. पायाखाली एक वीत लांब, एक वीत रुंद पत्रा वेल्ड केला की हाच दाब कितीतरी पटींनी उतरतो. पत्रा नसेल तर जाड फळी घालावी. दगड घालू नये, दगड डुगडुगतो.

यात आणखी एक गंमत दडलेली आहे आणि मला ती या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. ट्रक स्प्रिंगच्या पाट्यांवर उभा असतो. भरला की पाटे दबतात, रिकामा झाला की उसळतात. दिंडीचा ट्रक तळावर येतो तेव्हा भरलेला असतो. कुणीतरी पायरी उलगडतो, पाय जमिनीला नीट टेकलेत हे पाहतो, खिळा लावतो. मग तासाभरात राहुट्या, पातेली, पोती असं टनभर सामान उतरतं. हौदा वर उचलला जातो, एखाद-दोन सेंटीमीटर का होईना. त्याच्याबरोबर पायरीही वर जाते. संध्याकाळी घट्ट टेकलेली पायरी आता हवेत आहे आणि ते कुणालाही दिसत नाही. पहाटे काकड्याला उठून पहिलं पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली ती एकदम खाली दबते. लोखंडात काहीच बिघडलेलं नसतं. पायरी ज्या उंचीसाठी लावली ती उंचीच रात्रीतून बदललेली असते. इलाज अगदी साधा: सामान उतरल्यावर पायरी पुन्हा लावायची. पायांना भोकांची पट्टी आणि खिळा असेल, म्हणजे उंची कमी-जास्त करता येत असेल, तर हे दोन मिनिटांचं काम आहे.

एक-दोन सेंटीमीटरनं एवढं काय होतं, असं वाटेल. जिन्यावर आपण पाऊल उचलतो तेव्हा ते पायरीच्या कडेवरून अगदी थोड्या अंतरानं जातं. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत शरीर उंची मोजतं आणि पुढे डोळे न वापरता तीच उंची धरून चालतं. म्हणून अमेरिकेतल्या बांधकाम नियमांत एकाच जिन्यातल्या पायऱ्यांच्या उंचीत साडेनऊ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. घडीच्या पायरीत सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा टप्पा नेहमीच वेगळा निघतो, कारण खाली जमीन आणि वर हौदा, दोन्ही तिच्या ताब्यात नसतात.

आता पायरी हलते का, याकडे. नवी पायरी हलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वारीला ती डोलायला लागते. बिजागरीत बारा मिलिमीटरची पिन आणि तिच्यासाठी साडेबाराचं भोक, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची सैल. पिन धरणाऱ्या दोन पट्ट्यांत पाच सेंटीमीटर अंतर असेल, तर दांड्याच्या टोकाला, साठ सेंटीमीटरवर, हीच सैल सहा मिलिमीटरची होते. अशा चार बिजागऱ्या एकामागे एक असल्या तर सगळ्यांची सैल साठत जाते आणि शेवटची पायरी दोन सेंटीमीटरपर्यंत डुलते. भोकं ड्रिलनं मोजून पाडायच्या ऐवजी गॅस कटरनं पाडली असतील, तर विचारूच नका. म्हणून पायरी करून घेताना मी लोखंडाच्या जाडीपेक्षा भोकांकडे आधी पाहीन. जाडी बहुतेकदा गरजेपेक्षा जास्तच असते.

ही झीज होते कशानं? सहज उत्तर येतं, माणसांच्या चढउतारानं. पण हिशेब वेगळंच सांगतो. वीस माणसं, प्रत्येकी दिवसाला पाच वेळा चढणं आणि पाच वेळा उतरणं, अठरा दिवस. झाले तीन हजार सहाशे हेलकावे. आता ट्रक चालत असतानाचं बघा. पाट्यांवरचा हौदा सेकंदाला साधारण दोनदा वर-खाली होतो. एका तासात सात हजार दोनशे. म्हणजे पायरी दुमडून टांगलेली असताना, एका तासाच्या प्रवासात, बिजागरी अख्ख्या वारीपेक्षा दुप्पट वेळा ठोकली जाते. पायरी झिजते ती बहुतांशी घडीत असताना. दुमडल्यावर ती रबराच्या ठोकळ्यावर घट्ट दाबून बसवली, तर तिचं आयुष्य कितीतरी वाढेल. जुन्या टायरचा दोन इंच तुकडा पुरतो.

याच हादऱ्यांनी नटही सुटतात. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ मध्ये दाखवून दिलं की बोल्टला आडवे, कडेकडेनं हिसके बसले तर आट्यांमधलं घर्षण क्षणभर हरवतं आणि नट आपणहून फिरत सुटतो. घट्ट आवळणं हा त्यावर पुरेसा उपाय नाही. आत नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट घ्यावा, आणि जिथं पिन आहे तिथं आरपार स्प्लिट पिन. स्प्लिट पिन म्हणजे दोन पायांची वाकवलेली तार, आणि ती सहसा सुटत नाही.

घडीतली पायरी वाटेत उघडली तर काय, हा विचार वारीच्या रस्त्यावर करावाच लागतो. ट्रकच्या अवतीभवती, हाताच्या अंतरावर, माणसं चालत असतात. संत तुकाराम महाराज पालखी मार्ग आता पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूज असा रुंद होतो आहे, तशी गाड्यांची गतीही वाढणार. एकच खटका असेल आणि तो हादऱ्यानं सरकला, तर लोखंडाची पायरी रस्त्याकडे झेप घेते. म्हणून खटका एक आणि त्याच्याशिवाय साखळी एक. दोन्ही वेगवेगळ्या जागी.

पाऊल ठेवायच्या पट्टीवर सहसा चेकर प्लेट लावतात, ती उठावाची नक्षी असलेली. कोरड्यात ती उत्तम. काळी चिकट माती लागली की पाच-सहा माणसांत तिच्या खाचा भरतात आणि पट्टी गुळगुळीत होते. ट्रॅक्टर आणि मोठ्या यंत्रांच्या पायऱ्यांना जाळीचा पत्रा असतो, माती त्यातून खाली गळते. मग वारीतही जाळी लावावी? इथं मी अडखळतो, कारण अनेक वारकरी अनवाणी चालतात. टाचेला भेगा, तळव्याला फोड, आणि त्याखाली जाळीची धार. त्यांच्यासाठी चेकर प्लेटवर रबराची पट्टी आणि शेजारी टांगलेला गोणपाटाचा तुकडा, पाय पुसायला. आणि पट्टीच्या पुढच्या कडेला दोन बोटं रुंद पांढरा पट्टा. सगळी पायरी रंगवू नये, फक्त कड. पहाटेच्या अंधारात म्हाताऱ्या डोळ्यांना रंग कळत नाही, उजेड-अंधाराची सीमा कळते. ती सीमा नेमकी कडेवर हवी. बाहेर डोकावणारी बोल्टची टोकं कापून टाकावीत. नऊवारीचा काठ तिथंच अडकतो.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट पायरीत नाहीच, ती हाताला लागते. फाळका उघडला की ट्रकच्या मागे धरायला काहीच उरत नाही. शेवटच्या पायरीवरून हौद्यात जाताना हात हवेत असतात आणि म्हणूनच वरून कुणीतरी हात देतो. देणाऱ्याचा भाव फार चांगला, पण त्याचा स्वतःचा तोल त्या क्षणी पुढे वाकलेला असतो. आजी घसरल्या तर दोघंही खाली येतात. हौद्याच्या दोन्ही कडांना कमरेपासून छातीपर्यंत येतील असे दोन उभे दांडे लावले, म्हणजे तीन टेकूंचा नियम पाळता येतो. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर मी पायरी साधी ठेवीन आणि दांडे लावीन.

दिवाळीनंतर याच तालुक्यांत ट्रकवर चढण्याचं दुसरं, फार कठोर रूप दिसतं. भवानीनगरचा छत्रपती, शिवनगरचा माळेगाव, सोमेश्वरनगरचा सोमेश्वर, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, या कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड जोडप्यांच्या टोळ्या फडात येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवरून, कुठे नुसत्या फळीवरून, वर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोची असते. दोन्ही हात वर, मोळीला. म्हणजे तीन टेकू संपले, उरले दोन पाय, आणि चढताना त्यातला एकच. पन्नास किलोच्या बाईच्या शरीराचा गुरुत्वमध्य कमरेशी असतो. पस्तीस किलो डोक्यावर आले की तो छातीपर्यंत चढतो. गुरुत्वमध्य जितका उंच, तितक्या कमी कलण्यानं तोल जातो. त्यात मोळीच्या टोकांमुळे खाली पाय दिसत नाही, आणि शिडीचा बुडखा असतो सरीतल्या ओल्या मातीत. ट्रक भरत जाईल तशी चढण वाढत जाते, आणि दिवसभराच्या तोडीनं थकलेले पाय शेवटच्या, सर्वांत उंच मोळ्या चढवतात. ही कसरत रोज हजारो माणसं करतात आणि बहुतेकदा पडत नाहीत, हे मानवी शरीराचं आश्चर्य आहे. पण त्या आश्चर्यावर अख्खा हंगाम काढणं मला मान्य होत नाही. बुडाला रुंद पत्रा, वर हौद्याला अडकणारे आकडे, पट्ट्यांवर आडव्या खाचा आणि एका बाजूला कठडा असलेली रुंद शिडी करणं हे गावातल्या वेल्डरचं दोन दिवसांचं काम आहे. प्रत्येक टोळीला अशी एक शिडी कारखान्यानं द्यावी. गाळपाच्या खर्चात ती कुठे दिसणारही नाही.

पायरी असो की शिडी, लोखंड दमतं, हे माणसाला उशिरा कळलं. ८ मे १८४२ ला व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासच्या वर माणसं गेली. आसावर भार काही जास्त नव्हता, तो पुन्हा पुन्हा येत होता एवढंच. पुढे ऑगस्ट व्योलर या जर्मन रेल्वे अभियंत्यानं वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून दाखवलं की एका झटक्यात सहज पेलणारा भार लाखो वेळा दिला तर पोलाद तडकतं. बारामतीच्या एमआयडीसीत भारत फोर्जमध्ये गाड्यांचे घडीव भाग होतात, ते या ज्ञानाच्या पायावर. आणि इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरांची कवचं घडतात. चांद्रयान-३ ला २०२३ मध्ये उचलणाऱ्या रॉकेटाच्या बूस्टरची कवचंही तिथली. असल्या कवचाच्या वेल्डिंगवर कुणी नुसता विश्वास ठेवत नाही. सांधे किरणांनी तपासतात, आणि आत पाणी भरून उडताना येईल त्याहून जास्त दाब आधीच देऊन पाहतात. टिकलं तरच पुढे पाठवतात.

पायरीलाही हे करता येतं आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पालखी निघायच्या पंधरा दिवस आधी ट्रकला पायरी लावायची, सर्वांत खालच्या पट्टीच्या पुढच्या कडेवर पन्नास किलोची सिमेंटची चार पोती रचायची आणि रात्रभर ठेवायची. सकाळी पोती उतरवून दोन गोष्टी बघायच्या. पट्टी पहिल्या जागी परत आली का, आणि वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी रेघ उमटली का. अशी रेघ खडूची पूड चोळली की चटकन दिसते, आधी थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून पुसून घेतलेलं असेल तर. ते तडीत मुरतं आणि पुडीवर ओला डाग उठवतं. मग प्रत्येक पिन बाहेर काढायची आणि तिच्यावरून नख ओढायचं. नख कुठे अडलं तर तिथं खाच पडली आहे, ती पिन बदलायची.

बारा मिलिमीटरची पिन बारामतीत कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बसवताना भोक पुसून घ्यावं, पिन आत घालून हलवून पाहावी, आणि हलली तर भोकही नवं करून घ्यावं.